धिंडीची सुपारी

“आक्का, संथ काही नको. दणक्यात वाजवा. त्याच्या कानात वर्षभर घुमलं पाहिजे,” अण्णा कुडाळे म्हणाले.

“कुणाच्या?” मी विचारलं. मला ठाऊक होतं, पण अण्णांच्या तोंडून ऐकायची मजा वेगळी.

“त्या विक्याच्या. दुसऱ्या कुणाच्या?”

“गेल्या आठवड्यापर्यंत तुम्हीच विकीभाऊ म्हणत होता त्याला.”

अण्णांनी रुमालानं मान पुसली. अण्णांचं कापडाचं दुकान पेठेत सगळ्यात मोठं, शिवाय ते व्यापारी मंडळाचे अध्यक्ष. पिंपरणीच्या फुलबाजार चौकात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. पोलीस विक्याला पकडून आणतायत आणि चौकातून फिरवणार आहेत, अशी बातमी फुटली होती. माड्यांवर बायका पाकळ्यांच्या परड्या घेऊन उभ्या होत्या. पाकळ्या पोलिसांसाठी. विक्यासाठी काहींनी जुन्या चपला आणल्या होत्या. आणि मंडळानं खास धिंडीसाठी म्हणून माझ्या बँडला सुपारी दिली होती. वरात, विसर्जन, प्रचार, उद्घाटन, सगळ्याला मी वाजवलंय, पण धिंडीची सुपारी आयुष्यात पहिलीच.

मी कौसल्या वायदंडे, वायदंडे ब्रास बँडची मालकीण. नवरा गेला तेव्हा बँड विकायला निघेल म्हणून दोन गिऱ्हाइकं तेराव्यालाच दारात येऊन बसली होती. मी त्यांना चहा पाजला आणि माझ्या मापाची वर्दी शिवायला टाकली. तेव्हापासून वर्दी घालून, शिट्टी गळ्यात अडकवून बँडच्या पुढं मी चालते. सुरुवातीला पोरं हसायची. मग त्यांच्याच लग्नात मी वाजवलं आणि हसणं थांबलं.

विक्याच्या वाढदिवसालाही मीच वाजवलं होतं, याच चौकात, आदल्याच आठवड्यात. सुपारी त्याच्या काकांची. काका नगरसेवक, आणि आमच्या निम्म्या वराती त्यांच्या शब्दावर मिळायच्या. केक कोयत्यानं कापायची फॅशन आमच्याकडे तेव्हा नवीनच आली होती. चौकाच्या मधोमध टेबल, टेबलावर भलामोठा केक आणि विक्याच्या हातात परजलेला कोयता. पोरं मोबाइल वर धरून नाचत होती. टेबल नेमकं मेहबूब फुलारीच्या दुकानाच्या तोंडाशी लावलं होतं, आणि नवरदेवाची गाडी सजवायला येऊन थांबली होती. तिला आत यायला वाट मिळेना.

मेहबूब दुकानातून उतरला. साधा माणूस, दिवसभर हार गुंफत बसणारा. त्यानं टेबलाची कड धरली आणि म्हणाला, “भाऊ, हातभर सरकवू का? गाडी आत घेतो.”

विक्या त्याला काही बोलला नाही. शिवी नाही, दम नाही. त्यानं कोयता खाली आणला, केकवर आणावा तसा. मेहबूबच्या उजव्या हाताची दोन बोटं टेबलावर राहिली.

मी शिट्टी मारून बँड थांबवला. वर्दीवरचा लाल पटका सोडला, मेहबूबच्या हाताला गच्च गुंडाळला आणि त्याला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात पाठवून दिलं. त्याच रात्री आमचा टेम्पो बार्शीकडच्या लग्नाला निघायचा होता. लग्नाची ठरलेली सुपारी बँडवाल्याला मोडता येत नाही, आई वारली तरी. आम्ही गेलो, तिकडून पुढं दुसऱ्या लग्नाला गेलो आणि धिंडीच्या दिवशी सकाळी परत आलो. वाटेत पोरांनी सांगितलं, विक्या पकडला. मला बरं वाटलं. सगळी पेठ बघत उभी होती, तेव्हा माझ्या एकटीच्या बोलण्यावाचून काही अडलं असेल असं मनातसुद्धा आलं नाही.

जीप आली. पुढून भोईटे मॅडम उतरल्या. नव्या फौजदार, वयानं माझ्या मुलीएवढ्या. मागून दोन शिपायांनी विक्याला उतरवलं. हातात बेडी, मान खाली, दाढी वाढलेली. माड्यांवरून पाकळ्यांचा सडा पडला. कुणीतरी “भोईटे मॅडम झिंदाबाद” म्हणालं, आख्खा चौक ओरडला, आणि अण्णांनी मला हातानं खूण केली. मी शिट्टी मारली. आमच्या ट्रम्पेटनी असा आवाज काढला की जीपच्या काचा थरथरल्या.

मॅडमनी हात वर केला. मी तिथंच थांबवलं.

“बँड कुणी आणला?”

“आम्ही, मॅडम,” अण्णा पुढं झाले. “धिंडीला शोभा यावी म्हणून.”

“धिंड नाही. आरोपीनं कोयता कुठं टाकलाय ते तो दाखवणार आहे. कोयता काढायचा, पंचनामा करायचा आणि परत जायचं. मला दोन पंच हवेत.”

“पंच कशाला मॅडम? तुम्ही इथं चौकात नुसता फोडून काढा त्याला. पेठ सगळी तुमच्या पाठीशी आहे.”

“पेठ नको. दोन माणसं द्या. आज सही करतील आणि कोर्टात बोलावल्यावर येऊन तेच सांगतील, अशी.”

एवढा वेळ ओरडणारा चौक असा गप्प झाला की पाण्याच्या टाकीच्या नळाचं ठिबकणं ऐकू यायला लागलं. मॅडमनी समोरच्या मेडिकलवाल्याकडे पाहिलं. त्याला एकदम आठवलं की फ्रीज उघडा राहिलाय. सराफानं पोटावर हात ठेवला आणि सकाळपासून पोट बिघडल्याचं सांगून तो गेला. एकानं तर न वाजलेला फोन कानाला लावला आणि “हॅलो, हॅलो, आवाज येत नाही” करत गल्लीत शिरला, तो परत दिसलाच नाही. चपला घेऊन आलेली मंडळी त्या चपला पायात घालून निघाली. बघता बघता चौक निम्मा झाला, मग पाव. मला हसू येत होतं. बँडवाल्याला लोकांच्या तऱ्हा नव्या नसतात.

मग माझं लक्ष विक्याकडे गेलं आणि हसू जागच्या जागी विरलं. जीपमधून उतरताना त्याची मान छातीला टेकलेली होती. एकेक माणूस काढता पाय घेत होतं तशी ती वर येत होती. सराफ गेला तेव्हा त्याची नजर वर आली. मेडिकलवाल्यानं काउंटरमागं दडी मारली तेव्हा तो सरळ उभा राहिला. अण्णा दुकानाच्या पायरीवर दोन पावलं मागं सरकले तेव्हा तो चक्क हसला.

मॅडम माझ्याजवळ आल्या. “तुमची माणसं जरा बाजूला घ्या. जीप वळवायचीय.”

“मॅडम, पंचाचं जाऊ द्या,” मी म्हणाले. “साक्षीदार तर ढीगभर असतील की.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “एकही नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे कुडाळेशेठ देव्हाऱ्यात दिवा लावत होते. सराफ परगावी होते. मेडिकलवाले खाली वाकून औषध शोधत होते. ज्याला विचारावं त्याची नेमकी तेव्हाच पाठ होती. पोरांनी मोबाइलमधलं सगळं पुसून टाकलंय. मेहबूबचा जबाब आहे, पण त्याच्या घरी कोण जाऊन आलं कोण जाणे, काल तोसुद्धा म्हणाला की गर्दीत नीट कळलं नाही. बोटं टेबलाच्या पत्र्यात सापडली असतील म्हणाला.”

“आणि मग?”

“मग काय. हा आठवड्याभरात सुटेल. याच चौकात येईल.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पत्र्यात सापडली असतील. मी स्वतःच्या हातानं पटका गुंडाळला होता आणि मेहबूब रिक्षात बसताना मला विचारत होता, “आक्का, हार कसं करायचं आता?” त्याला दुसरं काहीच येत नव्हतं.

“आक्का, का थांबला?” विक्या मोठ्यानं म्हणाला. बेडीतला हात त्यानं वर केला. “वाजवा की. मान तर माझाच हाय.”

शिपायानं त्याला दटावलं, पण हळूच. ज्याला परत याच गावात ड्यूटी करायची असते तो दटावतो तसं.

माझे धाकटे दीर श्रीपती भावजी माझ्या मागंच उभे होते. बँडमध्ये ते क्लॅरिनेट वाजवतात. जिवानं मऊ माणूस, कुत्रं भुंकलं तरी रस्ता बदलणारा. त्यांनी माझ्या मनातलं ओळखलं असावं.

“वहिनी,” ते कानाशी आले, “आपुन वाजवाय आलोय. वाजवू आन् जाऊ. काकांच्या गल्लीतल्या सगळ्या वराती जातील हातच्या. बारा घरं चालत्यात या बँडवर.”

“भावजी, मेहबूबचं घर कशावर चालतं?”

त्यांची नजर फुलांच्या दुकानाकडे गेली.

मी मॅडमना विचारलं, “पंच कुणी व्हायचं असतं?”

“कुणीही. फक्त त्यानं गुन्हा होताना पाहिलेला नसावा. पाहिलेला असेल तर तो पंच नाही, साक्षीदार.”

“मग मी पंच चालायची नाही,” मी म्हणाले. “मी पाहिलंय. तिथं, त्या खांबाजवळ मी उभी होते. कोयता त्याच्या उजव्या हातात होता. मेहबूब टेबल सरकवू का म्हणाला आणि ह्यानं कोयता मारला. लिहून घ्या. माझ्याबरोबर माझे बाकीचे वाजवणारे होते, त्यांचंही लिहून घ्या.”

मी मागं वळले. सगळे वर्दीत उभे. तोंडं उतरली होती, नाही असं नाही. “काय रं? कुणाची पाठ होती का त्या दिवशी?”

ट्रम्पेटवाला दगडू म्हणाला, “पाठ कशी आसंल आक्का? आपुन गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघूनच वाजिवतो.”

पायरीवरून अण्णा कळवळून म्हणाले, “आक्का, कशाला अंगावर ओढून घेता? तुम्हाला वाजवायला बोलावलंय.”

“तीच तर चूक झाली तुमची, अण्णा. विक्याच्या वाढदिवसाला जो बँड होता तोच त्याच्या धिंडीला बोलावलात. दुसरा कुठला तरी बघायचा. आम्ही माणसं आहोत हे तुमच्या ध्यानातच आलं नाही.”

विक्याचं हसू मावळलं होतं. पण पंच अजून नव्हते, आणि पंचावाचून कोयता काढला तर कोर्टात तो नुसता लोखंडाचा तुकडा ठरला असता, असं मॅडमनी सांगितलं. त्यांनी पुन्हा चौकभर नजर फिरवली. उरलेली माणसं आपापल्या चपलांकडे बघत होती.

तेवढ्यात खट्ट असा आवाज झाला. श्रीपती भावजींनी क्लॅरिनेट पेटीत ठेवून पेटीची कडी लावली होती.

“मी त्या दिशी तापानं घरात पडल्यालो,” ते म्हणाले. बोलता बोलता ते पुढं आले. “मी काय बघिटल्यालं न्हाई. मी चालंल का मॅडम?”

या माणसाला मी पंधरा वर्षं भित्रा म्हणत आले होते.

“एक झाले,” मॅडम म्हणाल्या. “अजून एक.”

“मी येते.”

आवाज वरून आला. अण्णांच्याच माडीवरून. त्यांची धाकटी सून वृषाली परडी हातात धरून उभी होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या वरातीत मीच वाजवलं होतं. तेव्हा ती मान वर करून बघतसुद्धा नव्हती. आता जिना उतरून ती थेट चौकात आली.

“सूनबाई, वर जा,” अण्णा म्हणाले. “बायकामाणसाचं काम नाही हे.”

“अण्णा, मी त्या दिवशी माहेरी होते. मी काही पाहिलं नाही, म्हणून मी पंच होऊ शकते. तुम्ही मात्र नाही होऊ शकत.”

“मी का नाही?”

“तुम्ही रात्री फोनवर मला सगळं सांगितलंत ना. कोयता कसा वर गेला, कसा खाली आला ते. तुम्ही साक्षीदार.”

चौकात जी काय थोडी माणसं उरली होती ती खो खो हसली. माड्यांवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं. ते म्हणाले, “चष्मा नव्हता माझ्या डोळ्यावर,” आणि दुकानात गेले. मॅडमनी त्यांना हाक मारली नाही. पंच दोन झाले होते.

विक्यानं कोयता दाखवला. टाकीमागच्या मोरीखाली, गोणपाटात गुंडाळून कोंबलेला. भावजी आणि वृषाली मोरीच्या घाणीत उभे राहून सगळं बघत होते, शिपाई लिहीत होता. मोरीपासून जीपपर्यंत विक्याला चालत आणलं, तेव्हा कुणी ओरडलं नाही, कुणी चप्पल उगारली नाही. त्याची मान पुन्हा खाली गेली होती, आणि या वेळी ती आपली आपण गेली होती.

जीप निघाल्यावर अण्णा दारातून म्हणाले, “आक्का, आता तरी वाजवा. सुपारी घेतलीय तुम्ही.”

“परत देते अण्णा. पोरांना जबाबाला जायचंय.”

आम्ही सगळे वर्दीत, वाद्यं खांद्यावर घेऊन, न वाजवता पोलीस ठाण्यापर्यंत चालत गेलो. वाटेत लोक दारात येऊन बघत होते. न वाजणारा बँड त्यांनी कधी पाहिला नव्हता. संध्याकाळी मेहबूबची बायको ठाण्याच्या पायरीवर येऊन बसली. मला म्हणाली, “आक्का, ते म्हनतेत मलाबी बोलायचंय. खरं काय ते.”

काकांच्या गल्लीतली एकही वरात त्या वर्षी आमच्याकडे आली नाही. शेजारच्या दोन तालुक्यांत टेम्पो पळवला, मंगळवेढ्यापर्यंत गेलो, पण बारा घरांतली एकही चूल विझू दिली नाही. एकदा टेम्पोची हवा कुणीतरी सोडली, एकदा घरावर दगड आला. तो दगड मी जपून ठेवलाय, दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावायला फार उपयोगी आहे.

खटला उभा राहिला तेव्हा विक्याच्या वकिलांनी मला पुष्कळ घोळवलं.

“एवढ्या गोंगाटात तुम्हाला आरोपीचा हातच बरा दिसला?”

“साहेब, गिऱ्हाइकाचा हात वर गेला की आम्ही चाल बदलतो. त्या हाताकडे बघणं हाच आमचा धंदा.”

“तुम्ही आरोपीच्या वाढदिवसाची सुपारी घेतली. मग त्याच्या धिंडीचीही घेतली. म्हणजे जो पैसे देईल त्याचं तुम्ही वाजवता?”

“हो. वाजवते पैसे घेऊन. बोलायचे मी कुणाकडून घेतले नाहीत.”

न्यायाधीशसाहेब कागदाकडे बघत हसले. भावजींनी कोर्टात पंचनामा जसाच्या तसा सांगितला, मोरीतल्या वासासकट. वृषाली तर बाळाला कडेवर घेऊन आली होती. विक्याला सात वर्षांची शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी पेठेत पेढे वाटले, आणि सगळ्यात जास्त पेढे त्यांनी वाटले ज्यांची त्या दिवशी पाठ होती. मी एक खाल्ला. गोड होता.

त्यानंतर धिंडीची सुपारी घेऊन कुणी आलं की मी एकच विचारायचे, “दोन पंच कोण ते सांगा, बँड फुकट आणते.” वर्षामागून वर्षं गेली. पाकीटमार झाले, सोनसाखळीचोर झाले, लोक आले, चहा प्यायले आणि गेले. फुकट बँड अजून एकदाही न्यावा लागला नाही.

यंदा उन्हाळ्यात अण्णांचं दुकान फुटलं. चोर दुसऱ्याच दिवशी सापडला. आमच्याच गावचा, अण्णांच्या गोदामात कामाला असलेला. अण्णा स्वतः माझ्या दारात आले. आता काठी टेकत चालतात. वृषाली आणि तिचा नवरा पुण्याला असतात, भावजी वारले. मला वाटलं, अण्णा धिंडीचं बोलतील.

“आक्का,” ते म्हणाले, “पंच मिळत नाहीत.”

“एक मी येते. चला, दुसरा बघू.”

चौकात नवे फौजदार कंटाळून उभे होते. तेच दृश्य. मेडिकलवाल्याचा मुलगा आता दुकान चालवतो, त्यानंही बापासारखाच फ्रीज आठवून काढला. अण्णा पायरीवर बसले. या माणसानं जन्मभर पेठेला उधार कापड दिलं, पोरांच्या लग्नांत आहेर केले, आणि त्यांच्यासाठी एक सही मिळत नव्हती. मला त्यांची कीव आली.

समोरच्या फुलांच्या दुकानातून मेहबूब उतरला. हार आता त्याची बायको गुंफते, तो फुलं निवडतो. लुंगीला हात पुसत तो सरळ फौजदारांकडे आला.

“साहेब, मी चालतो का? मी काय पाहिलेलं नाही. रात्री झोपलेलो.”

अण्णांनी मान वर केली, मेहबूबकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

दुकानातल्या कपाटांचा, तुटलेल्या कुलपाचा पंचनामा झाला. मी सही केली. मेहबूबनं पेन घेतलं. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि उरलेल्या दोन बोटांत ते धरायला त्याला वेळ लागतो, आणि कागद जिन्याच्या कठड्यावर ठेवलेला, वाऱ्यानं हलत होता. अण्णा काठी भिंतीला टेकवून उठले. त्यांनी दोन्ही हातांनी कागद धरला, आणि सही पूर्ण होईपर्यंत धरून ठेवला.